पोहा, जलेबी आणि लाल पट्टा

२७ ऑक्टोबर

रिटायर होऊन महिना झाला. परवा मी स्वयंपाकघरातले सगळे डबे वर्णानुक्रमे लावून दिले. हिंग शेवटच्या रांगेत गेला आणि तो सापडेपर्यंत फोडणी जळली. संध्याकाळी शोभाने ही डायरी आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आता जे लावायचंय ते हिच्यात लावा."

तर पहिली नोंद. काल कॉलनीची मीटिंग झाली. एका कुरियरवाल्या मुलाच्या पोटरीला कुत्रा चावला. कुठला कुत्रा, ते त्यालाही सांगता येईना, कारण तो पळत होता. कॉलनीत कुत्रे तीन. आमचे अध्यक्ष पोरवालजी बोलले की निगमची कुत्रे पकडायची गाडी बोलवा आणि तिघांना पाठवा. लगेच त्यांच्याच मिसेस उठल्या. काळा भेरू म्हणजे भैरवबाबाचं वाहन, त्याला हात लावायचा नाही. मग जो गदारोळ झाला त्यात कोण कुणाच्या बाजूने आहे तेच कळेना.

मी हात वर केला. विमा कंपनीत सारी नोकरी मी एकच काम केलं: कागद बघून सांगायचं की हा माणूस चांगली जोखीम, हा मध्यम आणि ह्याला नकोच. मी म्हटलं, सगळ्यांना एका तराजूत तोलू नका, आधी वर्गवारी करा. चांगला, बेभरवशाचा, धोकादायक. लोक एकदम शांत झाले. कुणीतरी टाळीही वाजवली. काम अर्थात माझ्यावर आलं.

घरी येऊन शोभाला सांगितलं. ती म्हणाली, कुत्रे तीनच आहेत आणि सगळ्यांना माहीत आहेत, त्यात वर्गवारी कसली? मी समजावलं की माहीत असणं वेगळं आणि वर्ग ठरणं वेगळं. माहिती ज्याच्या त्याच्या डोक्यात राहते. वर्ग बोर्डावर लिहिता येतो.

३० ऑक्टोबर

आज परीक्षा घेतल्या. साहित्य: टोस्ट आणि माझी जुनी काळी छत्री.

पोहा आणि जलेबी हे सख्खे भाऊबहीण. गेटाबाहेरच्या पोहा-जलेबीच्या ठेल्यावर वाढले म्हणून ही नावं. दोघं तपकिरी, दोघांच्या शेपट्या वळलेल्या. मला कोण कुठला ते कळत नाही. शोभा म्हणते, न कळण्यासारखं त्यात काय आहे.

पोहाने टोस्ट खाल्ला. मी फाडकन छत्री उघडली, तर तो तिच्या सावलीत येऊन बसला. पूर्ण मार्क. भेरूने टोस्टबरोबर माझ्या शर्टाचा कफही ओढला, आणि छत्री पाहून इतका भुंकला की पोरवालजी बाल्कनीत आले. जलेबी टोस्टकडे फिरकलीच नाही. तिच्या मागे मी पंपघराच्या पाठीमागे गेलो आणि छत्री उघडली. तिने सगळे दात दाखवले आणि असा गुरगुराट केला की मी परतलो तेव्हा एक चप्पल तिथेच होती. ती जागा जणू तिच्या नावावर आहे अशी उभी होती. मी टिपून घेतलं: प्रदेशावर हक्क सांगण्याची वृत्ती.

चप्पल आणायला शोभा गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा हसत होती, का ते सांगितलं नाही. आजपासून तिने दुधाची एक थैली वाढवली आहे. चाय जास्त होते म्हणाली. मला तर चाय नेहमीइतकीच मिळते आहे.

२ नोव्हेंबर

निकाल तयार केला होता: पोहा हिरवा, भेरू आणि जलेबी लाल. सकाळीच मिसेस पोरवाल आणखी दोघींना घेऊन आल्या, सोबत घरच्या शेवेचा डबा. म्हणाल्या, "भैरवबाबा की सवारी को लाल मत करना भाईसाहब." मी शास्त्रीय पद्धत समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. दुपारी पोरवालजींचा फोन आला.

मी पुन्हा विचार केला. कफ तसाही सैल होता. दातात आपोआप अडकला असू शकतो. भेरूला पिवळा दिला.

जलेबीसाठी कुणी आलं नाही.

नंतर शोभाला घेऊन भैरवगढला गेलो. तिथे छपाईवाल्यांकडे रंगीत कापडाचे तुकडे मिळतात. हिरवा, पिवळा आणि लाल घेतला, तिन्हींवर बारीक बुट्टी. शोभाने स्वतःसाठी एक चादरही घेतली, त्यामुळे परतताना खुशीत होती. मशीनवर तिनेच पट्टे शिवले आणि तिघांच्या गळ्यात तिनेच बांधले. मी शेजारी छत्री घेऊन उभा होतो. जलेबीने तिला मान वाकवून दिली. शोभाला जनावरांची जोखीम कळत नाही, हे खरं.

७ नोव्हेंबर

गेटावर बोर्ड लागला. हिरवा: चांगला. पिवळा: सावध राहा. लाल: धोका. लोक येता-जाता वाचतात. पोहा चार दिवसांत गुबगुबीत झाला आहे, कारण ज्याच्या-त्याच्या हातून त्याला पोळी मिळते. लालपासून मुलं लांब राहतात आणि लांबूनच दगड मारतात. शिस्त आली.

फक्त वरच्या मजल्यावरचा चिन्मय बोर्डासमोर डोकं खाजवत उभा होता. साताऱ्याकडचा मुलगा, बदली होऊन इथल्या बँकेत आला आहे, आमचाच किरायेदार. म्हणाला, "काका, ते दोघं सारखेच दिसतात की." मी म्हटलं, म्हणूनच तर पट्टा. मग मी त्याला पंपघराची चाबी मागितली, तर हसला. "काका, किल्ली म्हणा ना. तुमची मराठी म्हणजे अर्धी हिंदीच आहे." आमचं घराणं शिंदेशाहीपासून इथे आहे. दफ्तरात मोडी लिहीत होते आमचे लोक. आणि हा काल आलेला मुलगा एका वाक्यात मला खालच्या वर्गात टाकून जिना चढून गेला. दिवसभर मनातून गेलं नाही.

संध्याकाळी पोरवालजी आले. बोर्डावर फार खुश. म्हणाले, "किरायेदारों का भी कुछ ऐसा बना दो, मुजुमदार साहब." कोण रात्री उशिरा येतो, कुणाकडे कोण येतं-जातं, कोण काय शिजवतं. सुरक्षिततेसाठीच. मला कल्पना वाईट वाटली नाही. जेवताना शोभाला सांगितली. तिने विचारलं, "आणि मी कुठल्या रंगात?" मी प्रामाणिकपणे विचार करून सांगितलं की हिरव्यात. ती भांडी घासायला उठली. आनंद झाला असावा.

१२ नोव्हेंबर

भैरवअष्टमी. कॉलनीच्या बायकांनी भेरूला टिळा लावला, झेंडूचा हार घातला आणि इमरत्यांचा डोंगर पुढे ठेवला. तो सगळं खाऊन, वर पोरवालजींच्या जावयाच्या बोटाला दात लावून मोकळा झाला. रक्त आलं. सगळे म्हणाले, प्रसाद मिळाला. जावयाचा चेहरा मात्र तसं म्हणत नव्हता.

पोहालाही इमरती मिळाली. तेवढ्यात जलेबी पंपघराकडून आली, तर बायका एकदम मागे सरल्या आणि कुणीतरी चप्पल फेकली. ती तशीच परत गेली. फार वाळली आहे. भटक्या वृत्तीमुळे अन्न अंगी लागत नसावं.

१७ नोव्हेंबर

निगमची गाडी पुढच्या आठवड्यात येणार. पोरवालजींनी फोनवर सांगून ठेवलंय: फक्त लाल पट्टेवाला न्यायचा. जेवताना शोभाला बोललो. तिने घास खाली ठेवला आणि विचारलं, महिनाभर थांबता नाही येणार का? मी विचारलं, महिनाच का? म्हणाली, "थंडीचे दिवस आहेत." मी म्हटलं, गाडीला थंडी-गरमी नसते.

ती जेवली नाही. मला झोप चांगली लागली.

१८ नोव्हेंबर

शोभाने पट्टे धुवायला काढले. मळले होते म्हणे. संध्याकाळी परत बांधले. बाकी विशेष नाही. दूध आता तीन थैल्या.

२१ नोव्हेंबर

वर्गवारी बरोबर होती याचा पुरावा आपोआप मिळतो आहे.

हिरवा आता शांत झाला आहे. आधी मुलांमागे धावायचा, आता पंपघराजवळ बसून असतो. आज मी स्वतः त्याला अर्धी पोळी दिली, हळूच हातातून घेतली. जरा वाळलाय, पण खेळून-खेळून तसं होतं.

लाल मात्र हाताबाहेर गेला. गंमत म्हणजे परवा तो शेपूट हलवत थेट माझ्याकडे पळत आला, जणू जुनी ओळख. मी छत्री जमिनीवर आपटली. मुलांनी दगड मारले, चौकीदाराने काठी. दोन दिवस असंच चाललं. आता तो गाड्यांखाली दबा धरून बसतो. आज सकाळी दूधवाल्यावर दात विचकले.

चिन्मयने विचारलं, "काका, लाल तुमच्याकडे शेपूट हलवत का आला असेल?" मी म्हटलं, धोकादायक प्राण्याची पहिली चाल अशीच असते. तो माझ्याकडे बघतच राहिला. किरायेदारांच्या यादीत मी त्याला पिवळा दिला आहे. प्रश्न फार विचारतो.

शोभाचं काहीतरी बिनसलंय. मुलांना दगडावरून ओरडली, चौकीदाराशी भांडली. संध्याकाळी वाटी घेऊन गाडीखाली वाकून बसली होती, मी हाताला धरून उठवलं. म्हटलं, लाल आहे तो. म्हणाली, "उद्या सकाळी ताईकडे देवासला जायचं नसतं तर बरं झालं असतं." भाचीचा साखरपुडा आहे. न जाऊन कसं चालेल?

२२ नोव्हेंबर

डाव्या हाताने डायरी धरली आहे, उजव्याला पट्टी आहे. लिहिता येतंय, जखम खोल नाही.

सकाळी शोभाला बसमध्ये बसवून आलो. लाल माझ्या स्कूटरखाली. मी छत्रीच्या टोकाने ढोसलं. तो सरकत सरकत भिंतीला टेकला, मी आणखी ढोसलं, आणि तो हाताला चावला. मी ओरडलो. सगळ्यांत आधी चिन्मय धावत आला. नळाखाली साबणाने बराच वेळ हात धुवायला लावला, मग बाईकवर बसवून दवाखान्यात नेलं, इंजेक्शनच्या रांगेत माझ्याबरोबर उभा राहिला. बँकेला उशीर होतोय म्हटलं तर म्हणाला, होऊ दे.

परत आलो तोवर पोरवालजींनी गाडी आजच मागवली होती. जाळी टाकून लालला नेलं. चौकीदार म्हणाला, आरामात गेला, जाळीत शेपूट हलवत होता. मी म्हटलं, बरं झालं.

सहा वाजता शोभा आली. हात बघून घाबरली. मी सोफ्यावर पाय वर घेऊन सगळं रंगवून सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "तुझी जलेबी चावली मला. गेली एकदाची."

"जलेबी नाही चावली," ती म्हणाली. "जलेबी पंपघराच्या मागे आहे. तिला चार पिल्लं आहेत."

"मग मला कोण चावलं?"

"पोहा."

मी म्हटलं, काहीतरीच काय, पोहा चावत नाही.

"चावत नव्हता," शोभा म्हणाली.

मग तिने सांगितलं. पट्टे धुतले त्या दिवशी तिने बदलून बांधले. पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते, आई गेली असती तर जगली नसती. पोहा इतका गरीब, गाडीवाले त्याला बघूनच परत सोडतील असं तिला वाटलं होतं. "तुम्ही सगळे पट्टाच बघाल, हे मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्याच्या गळ्यात मीच बांधला." आणि साखरपुड्याची साडी नेसलेली शोभा जमिनीवर बसून रडली. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तिला असं रडताना मी फार पाहिलेलं नाही.

२३ नोव्हेंबर

रात्रभर मी तिच्यावर चिडलेला होतो. मला मूर्ख बनवलं म्हणून. सकाळी कळलं की पिल्लांचं चिन्मयला माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं, मिसेस पोरवालांनाही माहीत होतं. मला आणि बोर्डाला सोडून सगळ्यांना.

पंपघराकडे गेलो. हिरवा पट्टा घातलेली जलेबी आडवी पडली होती आणि तिच्या पोटाशी चार गोळे लटकले होते. हा 'हिरवा' मी परवा जवळून पाहिला होता, पोळी भरवली होती. दूध पिणारी पिल्लं असलेली कुत्री आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी आणखी पुढे गेलो तशी ती गुरगुरली. मी तिथेच थांबलो.

दुपारी निगमच्या ठिकाणी फोन केला. ते बोलले, चावलेला कुत्रा दहा दिवस ठेवावा लागतो, नसबंदीही करतील, मग जिथून आणला तिथे सोडतात. पण कॉलनीने लेखी नको म्हटलंय. कॉलनी म्हणजे पोरवालजी. आणि पोरवालजींच्या हातातला कागद माझा.

संध्याकाळी ते स्वतःच आले, किरायेदारांची यादी कुठवर आली विचारायला. मी म्हटलं, नाही करणार. त्यांना आश्चर्य वाटलं. इतकं चांगलं काम चाललं होतं, अचानक काय झालं? मी म्हटलं, "पोरवालजी, मुझसे तीन कुत्ते नहीं पहचाने गए."

त्यांना वाटलं मी विनोद केला. खूप हसले. मी हसलो नाही म्हणून हळूहळू थांबले. मग मी म्हटलं की तो कुत्रा परत येणार, तसं लिहून द्या. ते म्हणाले, परत कुणाला चावला तर? मी म्हटलं, जबाबदारी माझी. इतक्या वर्षांत मी अशा जोखमीवर कधी सही केली नसती. त्यांनी लिहून दिलं, पण चाय न पिता गेले. बोर्ड ठेवतील म्हणाले, पार्किंगच्या नियमांसाठी कामाला येईल.

त्यांना सोडून परतताना जिन्यात चिन्मय भेटला. त्याला पिवळा दिला होता हे मी त्याला सांगितलं नाही. जेवायला बोलावलं. शोभाने कढी केली होती, ती त्याने तीनदा मागून घेतली आणि म्हणाला की त्याच्या आईच्या कढीपेक्षा वेगळी आहे. चांगली की वाईट, असं मी विचारणार होतो. नाही विचारलं.

४ डिसेंबर

आज पोहाला आणायला गेलो. गेटापर्यंत शोभा बरोबर होती, मग ऑटोतच बसून राहिली. म्हणाली, "मला त्याच्यासमोर नाही जाता येणार. तुम्ही जा." मी म्हटलं, मी ओळखू कसा? ती म्हणाली, नीट बघा.

आत लांबच लांब पिंजऱ्यांची रांग. तिथल्या माणसाने कागद बघितला आणि विचारलं, "कौन सा है?"

"भूरा. पूँछ मुड़ी हुई."

"सब वही हैं साहब."

खरंच होतं. पट्टे आल्याबरोबर काढून टाकतात म्हणे. एकामागोमाग एक तपकिरी, वळलेल्या शेपटीचे. मी प्रत्येकापाशी थांबलो. मी जवळ गेलो की ते जाळीला नाक लावायचे, शेपट्या हलवायचे, एक तर उड्या मारायला लागला. मी हळूच 'पोहा' म्हटलं. सगळ्यांच्या शेपट्या आणखी जोरात हलल्या. यांतला कुठलाही एक घेऊन गेलो असतो तर पोरवालजींना, चौकीदाराला कळलं नसतं. मलाही कळलं नसतं.

शेवटून दुसऱ्या पिंजऱ्यातला झोपला होता. माझ्या पावलांनी त्याने डोकं उचललं. माझ्याकडे बघितलं, उठला, आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकला. मग घशातल्या घशात गुरगुरायला लागला.

मी त्या माणसाला हाक मारली.

"यह वाला," मी म्हटलं.

तो माणूस म्हणाला, "यह तो आप ही पर गुर्रा रहा है. दूसरा ले जाइए, इनमें बहुत सीधे-सीधे हैं."

"नहीं, यही है," मी म्हटलं. "मुझे पहचानता है."

त्याला दोरीने बाहेर आणलं ते त्या माणसानेच. ऑटोजवळ येताच त्याने शोभाला पाहिलं आणि दोरी तोडायला निघाला. तिने फक्त दोन्ही हात पुढे केले. सगळा रस्ता तो तिच्या पायांवर बसून होता, माझ्याकडे पाठ करून. एकदा मी हात पुढे केला, त्याने अंग चोरलं, मी हात मागे घेतला. पुलाच्या चढावर ऑटो रखडला तेव्हा मला त्याला नीट बघायला वेळ मिळाला. डाव्या कानाच्या टोकाला थोडे पांढरे केस आहेत. पाठीवर दगडाची एक खूण आहे, तिथे अजून केस आलेले नाहीत. शेपूट डावीकडे वळते.

जलेबीची कुठल्या बाजूला वळते, मला माहीत नाही. उद्या बघून येईन. लांबूनच.